एक तिला, एक त्याला

ब्रिस्टल,
९ नोव्हेंबर २०२३

प्रिय अजोआताई,

तुझा गुडघा फार कुरकुरत नसेल आणि धुराने डोळे चुरचुरणं थोडं कमी झालं असेल, अशी आशा करते. आम्ही इथे देवाच्या दयेने आहोत. 'बरे आहोत' असं लिहिणार होते, पण आज 'आहोत' एवढंच पुरे.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. एक तर आमच्या चर्चच्या सिस्टर फिलोमिना त्यांच्या काकांच्या मर्तिकाला घानाला निघाल्यात आणि एल्मिनावरूनच पुढे जाणार आहेत, म्हणजे पत्र थेट तुझ्या हातात पडेल. दुसरं म्हणजे, माझ्या नुसत्या 'हॅलो'वरून मी काय खाल्लंय आणि काय गिळलंय ते तुला कळतं. आणि तुझा फोन कायम स्पीकरवर. शेजारी तुझा मुलगा क्वामेना, मागे मासे घ्यायला आलेल्या बायका. सगळ्या गावासमोर काय बोलणार?

इथे आता दुपार सरायच्या आत अंधार पडतो. एबोच्या गोदामात ख्रिसमसच्या खोक्यांचा ढीग लागलाय, त्याचं अंग दुखतं, आणि दुखतंय असं माझा नवरा कबूल करत नाही. मी शाळेच्या स्वयंपाकघरातून थोडी रजा घेतली आहे. नाही, माझं काही दुखत नाही. मुख्य आचारीण म्हणाली, "अराबा, तू मिठाच्या जागी साखर घालायच्या आत घरी जा." म्हणून गेले.

पिशवीत तुझ्यासाठी गुडघ्याचं मलम आहे, चहा आहे. क्वामेनासाठी दोन शर्ट आहेत. सतरा वर्षांचा झाला म्हणजे खांद्यात भरला असेल असं समजून मोठ्या मापाचे घेतलेत. बसले नाहीत तर तसं सांग, मनात ठेवू नकोस.

क्वामेनाच्या कॅप्सूलची बाटली या वेळी नाही.

मला माहीत आहे तू काय म्हणालीस ते. "बाटली संपत आली गं, या वेळी दोन पाठव. तुमच्याकडे औषध नळाच्या पाण्यासारखं येतं म्हणतात. दोन लोटे इकडे ओतलेस तर काय नळ आटणार आहे?" मी हसले होते. तू बोलतेसच तशी की माणूस हसतं. पण या वेळी बाटली नाही, ताई, आणि त्याचं कारण मला आज लिहायचं नाही.

एक कर. क्वामेनाला केप कोस्टच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन जा. तिथे सिकलसेलच्या मुलांचा वेगळा दिवस असतो, असं फिलोमिना सांगतात. रक्त तपासून घे. तो रोज कुठली कॅप्सूल घेतो ते त्यांना सांग, लपवू नकोस. आणि हे याच आठवड्यात कर. मासे एक दिवस धुरावाचून राहिले तर राहू देत.

माझी एफुआ फोन उचलत नाही म्हणून तू रागावली आहेस, असं क्वामेनाने एबोला सांगितलं. रागावू नकोस. ती सांभाळते त्या बालवाडीतल्या पोरांची नाकं सदा वाहत असतात, तिला त्यांचीच सर्दी लागली. मग ती छातीत उतरली. सध्या हॉस्पिटलमध्ये आहे. हे पत्रसुद्धा मी हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये बसून लिहितेय. इथला चहा म्हणजे धुतलेल्या कपाचं पाणी.

डॉक्टर चांगले आहेत. तिला उत्तम ठेवलंय. ती सध्या बोलत नाही, कारण तिने बोलायचं नाही असं त्यांनी ठरवलंय.

जास्त विचारू नकोस. प्रार्थना कर. क्वामेनाला सांग की त्याची बहीण झोपली आहे, उठली की फोन करील.

तुझी,
अराबा


ब्रिस्टल,
४ डिसेंबर २०२३

प्रिय अजोआताई,

एफुआ उठली. आधी हे वाच, मग बाकीचं. ती उठली, बसते, सूप पिते, आणि नर्सांशी हुज्जत घालते. आता बस आणि पुढचं वाच. क्वामेनासमोर वाचू नकोस.

मागचं पत्र लिहिलं तेव्हा ती बोलत नव्हती ती घशात नळी होती म्हणून. यंत्र तिच्यासाठी श्वास घेत होतं. मी तुला 'झोपली आहे' असं लिहिलं, कारण दुसरा शब्द लिहायला हात उठला नाही.

झालं असं. ती कामावरून ताप घेऊन आली. गोधडीत शिरली, मी पातळ कांजी करून दिली. दुपारपर्यंत बरगड्या धरून बसली. तुला ते बसणं माहीत आहे. आपला भाऊ कोजो तसाच बसायचा, गुडघे पोटाशी घेऊन, ओठ दातांखाली दाबून. आई त्याला शिआच्या बियांचं लोणी चोळायची आणि आजी म्हणायची, हे पोर राहायला आलेलंच नाही, जायलाच आलंय. आठव्या वर्षी गेला. कशाने गेला ते आपल्याला कुणी सांगितलं नाही. तुझ्या-माझ्या रक्तातही तेच अर्धं अर्धं लपलेलं आहे हे आपल्याला आपली पोरं झाल्यावर कळलं.

अँब्युलन्स आली. छातीचा फोटो काढला तर एक बाजू पांढरी. थोड्या वेळाने दोन्ही. सिकलसेलमध्ये छातीत असं झालं की थांबायला वेळ नसतो, असं ते म्हणाले. अंगातलं रक्त काढून दुसऱ्याचं भरलं. एबो काचेपलीकडे उभा होता. चर्चमध्ये ज्याचा आवाज सगळ्यांच्या वर चढतो, तो माणूस काचेला कपाळ टेकून ओठांतल्या ओठांत प्रार्थना पुटपुटत होता.

नळी काढल्यावर तिथल्या मोठ्या डॉक्टरबाई आम्हाला बाजूला घेऊन बसल्या. म्हणाल्या, "ती कॅप्सूल रोज घेते का?"

मी म्हटलं, "रोज. माझ्यासमोर. न्याहारीबरोबर."

"किती?"

"एक सकाळी. एक रात्री जेवल्यावर."

"रात्रीची तुम्ही बघता?"

रात्रीची ती आपल्या खोलीत घ्यायची. बावीस वर्षांच्या मुलीच्या तोंडात बोट घालून बघायचं का, ताई?

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, पूर्ण औषध पोटात जात असेल तर रक्त वेगळं दिसतं. हिचं तसं दिसत नाही. गेली दोन-तीन वर्षं कधीच दिसलं नाही. आम्ही विचारायचो, ती म्हणायची, घेते.

मी भांडले. माझी मुलगी खोटं बोलत नाही, तुमचं यंत्र बिघडलंय, असं म्हणाले. एबोने माझं मनगट धरलं.

मग आत गेले. एफुआचा आवाज नळीने खरवडला होता, भांडं घासल्यासारखा. मी काही विचारलं नाही. माझ्या चेहऱ्यावरच ते लिहिलेलं असणार. ती म्हणाली, "आई, त्यालाही तेच आहे ना गं. मला दोन आणि त्याला काहीच नाही. म्हणून एक-एक केलं."

एवढंच. आणि डोळे मिटले.

आता तुला सगळं सांगते, कारण तू माझ्याहून मोठी आहेस आणि हे मी एकटीने उचलू शकत नाही.

चार वर्षांपूर्वी आपण सगळे एल्मिनाला भेटलो तेव्हा क्वामेना किती वाईट दुखण्यातून उठला होता आठव. तो दारात बसून इतर पोरांचा फुटबॉल बघायचा. एफुआने तेव्हा आपली बाटली त्याला दिली आणि म्हणाली, "माझ्याकडे ढीग आहे." तेव्हा ते खरंच होतं. इथे शिकणाऱ्या मुलांना एकोणीस पूर्ण होईपर्यंत औषधाचे पैसे पडत नाहीत. त्यानंतर पडतात. प्रत्येक औषधामागे, प्रत्येक वेळी, दहा पाउंडांच्या आसपास. कॅप्सूलचे वेगळे, पेनिसिलिनचे वेगळे, फॉलिक अ‍ॅसिडचे वेगळे, दुखण्याच्या गोळ्यांचे वेगळे.

हो, ताई. नळाचं पाणी नाही. मी तुला कधी म्हटलं नाही, कारण मलाच नीट माहीत नव्हतं. एफुआ शिक्षण संपवून बालवाडीत लागली तेव्हा एबोचं काम सुटलेलं होतं. तिने घरात एक शब्द काढला नाही. औषधं स्वतः आणायची. मी विचारलं, "अगं, क्वामेनाला पाठवायला एवढ्या कुठून उरतात?" तर म्हणायची, "डॉक्टर जास्तच देतात, फेकायच्या का?" मी खूश. मीच बाटली पिशवीत शर्टांच्या घडीत नीट गुंडाळायचे.

केमिस्टच्या काउंटरवर काय व्हायचं ते तिने नर्सला सांगितलं. युलाली नाव त्या नर्सचं, जमैकन घरातली, सिकलसेलचीच माणसं बघते. तोंडाने फटकळ, हाताने मऊ. केमिस्ट विचारायचा, "चारही देऊ?" एफुआ म्हणायची, "आज फक्त कॅप्सूल द्या, बाकीची आहेत घरी." बाकीची नसायची. पेनिसिलिन तिने जवळजवळ सोडूनच दिलं होतं. कॅप्सूल सोडता येत नव्हती, कारण त्यात दुसऱ्याचाही वाटा होता. आणि पेनिसिलिन म्हणजेच तर छातीची राखण. म्हणजे तिने राखणदार काढून टाकला आणि धान्य वाटत बसली.

युलाली म्हणाली, "पोरी, तुला कुणी सांगितलं नाही का, वर्षाचा पास मिळतो म्हणून? एकदाच पैसे भरायचे, हप्त्याने भरले तरी चालतं, मग वर्षभर कितीही औषधं घे."

एफुआ म्हणाली, "कुणी सांगितलं असतं तर मी कशाला अशी पडले असते?"

"आणि तू विचारलंस का कुणाला?"

"विचारलं असतं तर त्यांनीही विचारलं असतं ना, तुला एवढ्या कशाला लागतात म्हणून."

युलालीने पाठ फिरवली आणि उगाचच सलाइनची नळी सरळ करत राहिली.

वर्षाचा पास. त्याचा महिन्याचा हप्ता म्हणजे आमच्याकडे एकाने एकदा बाहेर तळलेला मासा खाल्ला तर होणारा खर्च. इतक्याशा गोष्टीवर माझी मुलगी यंत्राला लागली, हे मी रोज स्वतःला सांगते आणि रोज ते मला नव्याने खरं वाटत नाही. कमावत्या माणसांनी औषधाच्या किमतीला दबू नये असं इथलं सरकार म्हणतं, आणि ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी आणखी सवलती आहेत, असंही युलालीने सांगितलं. असतील. दारं पुष्कळ आहेत. फक्त दुखणाऱ्या माणसाने ती शोधत फिरायचं.

एबोने विचारलं, "मधुमेहवाल्याला पैसे पडत नाहीत. माझ्या गोदामातला तो रॉजर इन्सुलिन घेतो, त्याला सगळी औषधं फुकट. मग हिला का नाही? हिचं काय हौसेचं दुखणं आहे?"

युलाली म्हणाली, "फुकटवाल्या आजारांची यादी फार जुनी आहे, दादा. ती केली तेव्हा सिकलसेलची पोरं मोठी होऊन पगार घेतील असं कुणाला वाटलंच नव्हतं, असं म्हणतात."

एबो म्हणाला, "म्हणजे हा जगल्याचा दंड."

खाडीपलीकडे वेल्समध्ये, आमच्या टेकडीवरून जिथले दिवे दिसतात तिथे, हीच औषधं सगळ्यांना फुकट आहेत. तोच पंतप्रधान, तीच राणी होती, तोच राजा आहे. मध्ये एक पूल. मला आता कशाचं आश्चर्य वाटत नाही. आश्चर्य वाटायलाही अंगात थोडं रक्त लागतं.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. यापुढे इथून कॅप्सूल येणार नाहीत. ना एफुआकडून, ना माझ्याकडून, ना चोरून. आणि हे फक्त एफुआसाठी नाही. युलालीला कळलं की एल्मिनातला एक मुलगा वर्षानुवर्षं रक्त न तपासता हे औषध घेतोय, तेव्हा ती पहिल्यांदा खरी संतापली. म्हणाली, "हे औषध म्हणजे काय खोकल्याच्या वड्या आहेत? रक्तातल्या चांगल्या पेशीही खाली ओढतं ते. म्हणून तर आम्ही सारखं रक्त बघतो. तो मुलगा नशिबावर जगतोय."

म्हणून मागच्या पत्रात मी तुला आठवड्याची घाई केली. तू त्याला नेलंस का? क्वामेनाने एबोला काहीच सांगितलं नाही, म्हणजे नेलं नसणार.

नेऊन आण, ताई. तिथली यादी, तिथली रांग, तिथले पैसे, जे असेल ते आपण दोघी मिळून बघू. पैसे पाठवायला मी नाही म्हणत नाही. औषध पाठवायला नाही म्हणते आहे.

मी तुझ्यावर रागावले आहे का? हे तू मला विचारशील, म्हणून आधीच सांगते. हॉस्पिटलच्या त्या लांब बोळात चालताना एकदा तुझं ते नळाचं वाक्य कानात आलं, आणि मी भिंतीला हात टेकून उभी राहिले. तेव्हा रागावले होते. पण तुला काय माहीत होतं? तुझ्या पोराला वाचवायला तू मागितलंस. माझ्या पोरीने दिलं. मी बाटली गुंडाळली. यात वाईट माणूस कोण, हे शोधत बसले तर मला झोप लागणार नाही, आणि मला झोपेची फार गरज आहे.

थकलेली,
अराबा


ब्रिस्टल,
१७ मार्च २०२४

प्रिय अजोआताई,

मासे पोचले. फिलोमिनांच्या भाच्याने आणले. केळीच्या वाळक्या पानात बांधलेले, अगदी आईच्या हातच्यासारखे काळेभोर धुरवलेले. विमानतळावरच्या माणसाने पिशवी हुंगून तोंड वाकडं केलं म्हणे. सोबत चिठ्ठी नव्हती. मी पानं दोनदा झटकून पाहिली.

डिसेंबरात तू एकदाच फोन केलास. "म्हणजे आता माझा पोरगा मरावा, असं म्हणतेस?" एवढं बोललीस आणि ठेवलास. त्यानंतर मी किती वेळा लावला ते तुला माहीत आहे. तू उचलला नाहीस. मी तुझ्या जागी असते तर मीही हेच बोलले असते, कदाचित याहून वाईट. म्हणून मी ते वाक्य मनाला लावून घेतलं नाही, असं एबोला सांगते. तो म्हणतो, "मग तू भांडी इतकी आपटतेस का?"

तुझ्याकडची हकीकत मला क्वामेनाकडून कळते. तू त्याला जानेवारीत नेलंस. पांढऱ्या पेशी इतक्या कमी निघाल्या की डॉक्टरांनी कॅप्सूल तिथेच बंद केली आणि तुला सगळ्या रांगेसमोर बोलले. क्वामेना म्हणाला, "आई, मावशी, नुसती पदराने तोंड पुसत राहिली. परत येताना बसमध्ये माझा हात तिने एल्मिनापर्यंत सोडला नाही." एवढा मोठा मुलगा, तू हात धरून बसलीस आणि त्याने धरू दिला.

ताई, तू त्याला नेलंस. नेलं नसतंस तर आज आपण काय बोलत असतो कुणास ठाऊक. माझ्या पत्राच्या रागाने का होईना, नेलंस.

पुढचंही त्याने सांगितलं. रक्त सुधारल्यावर डॉक्टरांनी त्याच्या वजनाप्रमाणे कॅप्सूल पुन्हा सुरू करायची ठरवली, तर पठ्ठ्या घ्यायलाच तयार नाही. तोवर त्याला कुठून तरी सगळं कळलं होतं. तू सांगितलंस की पत्र सापडलं, मी विचारलं नाही. "तिच्या वाटणीचं खाऊन बसलो मी," म्हणत दोन दिवस जेवला नाही. तू विनवलंस, पाद्रीबाबांनी विनवलं. मग एफुआने फोन केला. मी शेजारी केंकीच्या, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या उंड्यांवरची पानं सोडवत होते, सगळं ऐकलं.

ती म्हणाली, "घेत नाहीस म्हणे?"

तो तिकडून काही पुटपुटला.

"ऐक, क्वामेना. मी तुझ्यासाठी नळी गिळली. आता तू एक कॅप्सूल गिळत नाहीस? मुकाट्याने घे, नाहीतर तिथे येऊन घशात कोंबीन. आणि मला खूप लोकांनी शिकवलंय घशात कसं कोंबतात ते."

दोघं हसले. हसता हसता एफुआला खोकला आला आणि तो तिकडे घाबरला, "एफुआ? एफुआ?" करत राहिला. ती म्हणाली, "आहे रे, आहे."

त्याने घेतली. तिथल्या औषधाच्या दुकानात ती दर वेळी मिळतेच असं नाही, कधी आक्राहून मागवावी लागते, हेही त्याने सांगितलं. मी एबोशी बोलले आहे. पैसे किती लागतात ते फक्त सांग. औदार्य म्हणून नाही गं. तू मला शाळेत घालताना मासे विकलेस तेव्हा मी औदार्य म्हणून घेतलं होतं का?

आता एफुआचं. ती बरी आहे, पण पहिल्यासारखी नाही. ठरावीक आठवड्यांनी जाऊन रक्त बदलून यावं लागतं. सकाळी जाते, संध्याकाळी परतते, दोन्ही दंडांवर पट्ट्या. बालवाडीत अर्धा दिवस घेतलंय. पोरांना उचलायला मनाई आहे, म्हणून ती जमिनीवर बसते आणि पोरंच तिच्या अंगावर चढतात. जिना चढताना मध्येच उभी राहते आणि खिडकीतून काहीतरी बघत असल्याचं नाटक करते. मीही मागे उभी राहून तेच बघते. बाहेर बघण्यासारखं काही नसतं.

वर्षाचा पास काढला. ती चारही औषधं आणते. रात्रीची कॅप्सूल माझ्यासमोर घेते, आणि जीभ बाहेर काढून दाखवते, लहानपणी दाखवायची तशी. तिला वाटतं की तो विनोद आहे.

पण एक महिना ती माझ्याशी धड बोलत नव्हती, हे तुला सांगायला हवं. म्हणाली, "तू मावशीला का लिहिलंस? मी हळूहळू बंद करणार होते. त्याला कळू द्यायचं नव्हतं." मी म्हटलं, "बंद कधी करणार होतीस? मेल्यावर?" इतकं जोरात म्हटलं की शेजारच्या बाईने भिंत ठोठावली. मग ती रडली, मी रडले. एबो कामावरून आला आणि दोघींना बघून म्हणाला, "कोण गेलं?" आणि त्याचा चेहरा असा झाला की आम्हालाच त्याला बसवून पाणी द्यावं लागलं.

असं चाललंय, ताई. मी शाळेत परत जाते. तीनशे पोरांची जेवणं वाढते. प्रत्येकाच्या ताटात सारखंच पडलं पाहिजे असा तिथला नियम आहे. कधी कधी डाव हातात धरून मी उगाच थांबते. मुख्य आचारीण म्हणते, "अराबा, रांग लांबली." मग मी वाढते.

मासा आम्ही काल शिजवला. टोमॅटो, मिरची, थोडं पाम तेल. एफुआने काटेसुद्धा चोखले. एबो म्हणाला, "चिठ्ठी नसली म्हणून काय झालं, रागावलेली बाई एवढे निवडून मासे पाठवत नाही." मी म्हटलं, तू माझ्या बहिणीला ओळखत नाहीस, ती रागातही सगळ्यात मोठा मासा देते. पण मी मनातून त्याचं म्हणणं धरून ठेवलंय.

तुला वाटत असेल की मी दोन पोरांतलं एक निवडलं. मलाही तसं वाटतं कधी कधी. पण आज दोघं आहेत, ताई. एक तुझ्या घरात, एक माझ्या घरात, आणि दोघंही आपापल्या रक्ताच्या हिशेबाने औषध घेतायत. कोजोला एवढंही मिळालं नव्हतं.

इथून येणाऱ्या कुणाच्याही पिशवीत यापुढे तुझ्यासाठी फक्त पत्र असेल. पैसे वेगळे येतील, पण पिशवीत दुसरं काही मागू नकोस, आणि मी पाठवलं नाही म्हणून मला परकी समजू नकोस. नुसत्या पत्रावर बहीण मानणं जमणार असेल तर कधीतरी एक ओळ लिही. शिव्या लिहिल्यास तरी चालतील.

तुझीच, तू मानलीस तर आणि नाही मानलीस तरी,
अराबा